धोंड्याच्या महिन्यात हर्णै

मोबाइल घरीच ठेवा. खिशात नको, पिशवीच्या तळाशीही नको. आपण जिथे निघालोय तिथे त्याला रेंज नाही, आणि उद्या दुपारपर्यंत त्याच्या पोटात पाणी गेलेलं असेल. त्याऐवजी फुलस्केप कागदांचे दोन दस्ते, निळ्या शाईची दौत, फाउंटन पेन आणि मेणकापडाचा एक मोठा तुकडा घ्या. मेणकापड विसरलात तर कादंबरीही विसरा.

हो, कादंबरी. एका संपादकांनी तुमच्याकडे दिवाळी अंकासाठी ‘संपूर्ण कादंबरी’ मागितली आहे आणि तुम्ही भिडेखातर हो म्हणून बसलात. साल १९६६. यंदा श्रावण अधिक आलाय, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले आणि दिवाळी थेट १२ नोव्हेंबरला जाऊन पडली. संपादकांना एक महिना फुकट मिळाला, तसा तुम्हालाही. तो तुम्ही गिरगावातल्या खोलीत पहिलं वाक्य खोडण्यात घालवलात. मग कुणीतरी सल्ला दिला, की समुद्रावर जा, या दिवसांत तिकडे कुत्रं नसतं, आठवड्यात हातावेगळी होईल. हा सल्ला देणारा पावसाळ्यात कोकणात कधी गेलेला नाही, हे तुम्हाला खेडच्या अलीकडे कळणार आहे.

तर चढा. गाडी पहाटेची आहे. आणि तिला यष्टी म्हणायची सवय करा, कारण पनवेल मागे पडल्यावर दुसरा शब्द चालत नाही. आत शिरताच तोंडावर एक उबट वाफ येते. ओल्या छत्र्या, विड्या, डिझेल, खोबरेल आणि मागच्या कुठल्यातरी फेरीतल्या पोराची ओकारी, असा तो पंचमेळ वास. शेजारच्या आजींनी मांडीवर नवाकोरा स्टोव्ह घेतलाय आणि त्याचं टोक तुमच्या बरगडीत. पायाखाली कुणाचीतरी वळकटी. खिडकी बंद आहे, तरी तिच्या फटीतून बारीक धार येतेच, नेमकी कॉलरच्या आत. कंडक्टर दोरी ओढतो, घंटी वाजते, चिमट्याची टकटक सुरू होते. आता खेड येईपर्यंत तुम्ही याच बाकावर.

महाडला सावित्री दिसते, आणि क्षणभर गाडीतली सगळी बडबड थांबते. लाल, जाड, झाडंच्या झाडं घेऊन धावणारं पाणी. जुन्या दगडी पुलावर गाडी हळू होते. आजी कनवटीचं नाणं काढून फटीतून खाली टाकतात आणि हात जोडतात. बरोबर पन्नास वर्षांनी, याच आठवड्यात, रात्रीच्या वेळी हा पूल वाहून जाणार आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना सांगू नका. तुम्हीही एक नाणं टाका.

कशेडीच्या घाटात ढगच गाडीत येऊन बसतो. ड्रायव्हर पहिल्या गिअरवर कण्हत कण्हत वळणं घेतो, कंडक्टर दारात उभा राहून कडेचा अंदाज सांगतो, आणि मागे एक पोरगं आवळासुपारी मागत मागतच ओकतं. खेडला उतरून चहा घ्या. गुळमट, आल्याचा, कपाला रॉकेलचा किंचित वास असलेला, पण आयुष्यात इतका गरम चहा तुम्ही प्यायलेला नाही. इथे जगबुडी नदी गावाला खेटून वाहते. नाव ज्यानं ठेवलं त्यानं पावसाळ्यातच ठेवलं असणार. गाडी बदलायची. दापोलीला पुन्हा बदलायची. आसूदच्या उतारावर माड-पोफळींच्या बागांचा गर्द काळोख अंगावर येतो आणि दुपारी चारलाच दिवेलागणीची वेळ झाल्यासारखं वाटतं. मग झाडीच्या वरून एक आवाज ऐकू येतो. इंजिनाचा नाही, पावसाचा नाही. गाज.

हर्णैला हॉटेल नाही, लॉज नाही. आज शेजारच्या मुरुडच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट आहेत, डॉल्फिन दाखवायला होड्या आहेत, पावसाळी पॅकेजही आहे. तुमच्या वाट्याला आहेत ते भाऊ आणि काकू, तुमच्या आत्याच्या सासरचे कुणीतरी लांबचे. पडवीला माडाच्या झापांची झड बांधली आहे. पावसाचा तिरपा मारा अडवायला ती हवी, पण त्यामुळे घरात भरदुपारीही संध्याकाळ. भाऊ झड बाजूला सारून कंदील वर धरतात.

“या लेखक. भिजलात ना? भिजायलाच हवं. न्हाणीत पाणी उकळतंय.”

तो पहिला तांब्या अंगावर ओतून घ्या. चुलाण्यात जळणारी माडाची थोटकं, धूर, तांब्याच्या हंड्याचा वास, पाठीवरून जाणारं कढत पाणी, आणि एका हाताच्या अंतरावर कुडापलीकडे कोसळणारा पाऊस. मग ताटात लाल तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं, पोह्याचा पापड, वर आमसुलाचं सार. चातुर्मास चालू आहे, या घरात कांदा-लसूण-वांगी बंद. तक्रार करायचा विचारही येणार नाही. शेवटी राखेत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या येतात, बोटं भाजत सोलायच्या.

झोपायला माजघर. आता शांतता ऐका, तिच्यासाठीच एवढ्या लांब आलात ना. कौलांवर पाऊस. पागोळ्यांची खालच्या घंगाळात धार. परसात बेडकांची शाळा. गोठ्यात म्हशीचं फुसकारणं. आणि या सगळ्याच्या तळाशी समुद्र, रात्रभर कुणीतरी दगडांची गाडी रिकामी करत असल्यासारखा. पहाटे कधीतरी पाऊस अचानक थांबतो, आणि त्या शांततेनंच तुम्ही दचकून जागे होता.

सकाळी मऊभात-मेतकूट खाऊन पडवीत चौरंगापाशी बसता. कागद काढता. मेणकापडात बांधून आणलेला कागद, पण तो आता कागद उरलेला नाही, सादळलेला पापड झालाय. पेन टेकवताच शाई फुटते. ‘समुद्र’ लिहिलंत तर ‘द्र’ला पाय फुटून तो पुढच्या ओळीत चालू लागतो. चपलांना एका रात्रीत हिरवट बुरशी. टॉवेल कालपेक्षा ओला. काडी ओढता ओढता तिचा गुल झडून जातो. काकू काहीच न बोलता तुमचे दोन्ही दस्ते उचलतात आणि चुलीवर टांगलेल्या परडीत ठेवतात. त्या परडीत अनारशाचं पीठ सुकवायला आधीच ठेवलेलं आहे. यापुढे तुम्हाला रोज सकाळी चार-पाच कागद मिळतील, कडक, पिवळसर, धुराचा आणि गुळाचा वास येणारे. ते सादळायच्या आत लिहायचं. एवढी चांगली शिस्त तुम्हाला कुठल्याच संपादकानं लावली नव्हती.

अनारसे आहेत जावयाच्या वाटचे. धोंड्याचा महिना आहे, त्याला तेहतीस अनारसे वाण म्हणून द्यायचे, वर दिवा, खाली ताट. पण जावई खेडच्या पलीकडचा आणि जगबुडीला पाणी. काकू रोज थोडे तळतात, रोज वाट बघतात, आणि संध्याकाळी मऊ पडलेले तुमच्या पुढ्यात ठेवतात. “घ्या. त्याच्या नशिबात नाहीत.” आठवड्याच्या शेवटी त्यातले चौदा तुम्ही खाल्लेले असतील. वरची खसखस दातात अडकते, ती जिभेनं काढत बसणं हा इथला लेखनाचाच एक भाग आहे.

आता तुमच्या कादंबरीबद्दल. मुंबईत फार सुंदर वाटत होती ती. एक तरुण बाई, बंदराजवळचं घर, मुसळधार पाऊस, आणि क्षितिजावर दिवे लुकलुकवत येणारी बोट, जिच्यातून तिचा नवरा सहा वर्षांनी परत येतोय. पहिलं प्रकरण तुम्ही भाऊंना वाचून दाखवता. ते अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकतात. तुम्ही थांबल्यावरही कातरत राहतात.

“छान आहे. पण बोट कुठून आणलीत?”

“मुंबईहून.”

“आषाढ-श्रावणात?”

झालं. एवढ्या तीन वाक्यांत कादंबरी बुडाली. पावसाळ्यात बोटी बंद असतात हे तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. गिरगावात पंख्याखाली बसून ते आठवलं नव्हतं, इतकंच. भाऊ तुम्हाला इरलं घालून बंदरावर घेऊन जातात. तिथे होड्या आणि मचवे वर ओढून, झापांखाली, आजारी गुरांसारखे निजवलेत. एका झापाखाली एक म्हातारे तांडेल जाळं विणत बसलेत. डांबर, सुकट, ओला काथ्या असा वास तिथे इतका घट्ट आहे की तो कापून घरी नेता येईल. तांडेल तुमची अडचण ऐकतात आणि त्यांना हसू आवरत नाही.

त्यांच्याकडून ऐका, कारण हे लवकरच संपणार आहे. हर्णैला बोट धक्क्याला लागतच नाही. ती खोल पाण्यात, लांब उभी राहते. किनाऱ्यावरून पडाव जातो. हलत्या बोटीतून हलत्या पडावात उडी, बोचकी, पोरं, कोंबड्या, सगळं. पडाव वाळूच्या अलीकडेच टेकतो. तिथून गुडघाभर पाण्यातून खलाशी माणसांना खांद्यावर नाहीतर पाठुंगळी मारून आणतात, बाईमाणसालासुद्धा. “तुमच्या त्या बाईचा नवरा उतरला असता ना, तर आधी माझ्या मानगुटीवर बसून उतरला असता.” नैर्ऋत्येचा वारा सुटला की हे सगळं अशक्य. मोकळा समुद्र, आडोसा नाही. म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. आणि यंदा अधिकामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अगदी टोकाला. घरातली सुकट संपत आलीय, हातात पैसा नाही, आणि पंचांगानं एक महिना वाढवून ठेवलाय. तुम्हाला जो महिना फुकट मिळाला, तो या माणसाच्या खिशातून गेला.

“रामदास बुडाली त्याही साली अधिक श्रावणच होता,” भाऊ परतताना म्हणतात. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं. ते एवढंच बोलतात आणि पुढचा चिखल चुकवतात.

मागे वळून बघा. मघाशी समोर काहीच नव्हतं, नुसती राखाडी भिंत. आता पावसाचा पडदा सरकलाय आणि त्यात सुवर्णदुर्ग उभा आहे, काळा, ठिबकता, लाटांच्या फेसात कमरेपर्यंत. मोजून दहा श्वास. परत पडदा.

या आठवड्यात सगळ्यात रिकामं माणूस कोण असेल तर तुम्ही. भाऊंना मी गमतीनं विचारलं असतं की इथे सीझन कधी असतो, तर ते म्हणाले असते, आंब्याचा विचारताय का? बाकी सीझन-बिझन त्यांना ठाऊक नाही. आत्ता लावणीचे शेवटचे दिवस आहेत. बांधावरून चालताना वाकलेल्या पाठींची एक रांग दिसते, प्रत्येकीवर इरलं, लांबून कासवं वाटावीत. तुम्ही थांबून बघत राहता, कादंबरीसाठी काही मिळतंय का म्हणून. एक बाई कमरेवर हात ठेवून सरळ होते आणि विचारते, काय काम करता. लिखाण, तुम्ही सांगता. ती तरव्याच्या मुठी तुमच्या हातात देते.

चला, उतरा. चिखल वरून गार आणि खालून कोमट. पाय आत जातो, जातो, आणि मग तळाशी काहीतरी घट्ट लागतं. दुसरा पाय उचलताना चिखल तोंडानं केल्यासारखा आवाज करतो. तीन-चार काड्या अंगठ्यानं दाबून रोवायच्या, एक पाऊल मागे, पुन्हा. सोपं आहे, पहिली दहा मिनिटं. मग कंबर बोलायला लागते. मानेवरून पाणी, नाकाच्या शेंड्यावरून पाणी, पोटरीला काहीतरी गार चिकटलंय आणि ती जळू आहे. शेजारी दोघीजणी न थांबता गातायत, एक ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. तुमची रांग वाकडी. कुणी हसत नाही, पण तुम्ही बांधावर चढल्यावर मागे एकजण ती सगळी उपटून पुन्हा लावते, हे तुम्ही पाहता.

दुपारी पोथी. हे चुकवू नका, लिहिण्याचं सोंग बाजूला ठेवा. ओटीवर दिवा लावून भाऊ अधिकमास माहात्म्य उघडतात. आळीतल्या म्हाताऱ्या वाती वळत बसतात, लावणीहून परतलेल्या दोघी खांबाला टेकून, एक पोरगं आजीच्या मांडीवर डोकं ठेवून. भाऊंचा आवाज सुरात चढतो आणि ओवीच्या शेवटी खाली बसतो. मध्येच पावसाची अशी सर येते की एक अक्षर ऐकू येत नाही. भाऊ थांबत नाहीत. ऐकणारेही हलत नाहीत. ओठ हलतायत, वाती वळल्या जातायत, गोष्ट पुढे चाललीय. सर ओसरते तेव्हा कथा दोन पानं पुढे गेलेली असते आणि कुणाचंच काही हुकलेलं नसतं. ओठावर सापडलेलं वाक्य हरवू नये म्हणून खोलीचं दार लावून घेणारे तुम्ही, यांच्याकडे जरा हेव्यानंच बघता.

कोकणावरची पुस्तकं कुठे लिहिली गेली हे त्या दुपारी मला नेहमी आठवतं. ‘श्यामची आई’ घ्या. पालगड इथून फार लांब नाही, पण साने गुरुजींनी ती लिहिली नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत. श्री. ना. पेंडसे याच टापूतल्या मुर्डीचे. ‘गारंबीचा बापू’ लिहिणारा हा माणूस मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होता. तीनच वर्षांपूर्वी आलेली ‘कोसला’ नेमाड्यांनी पंधरवड्यात लिहिली, पण आपल्या गावी, खानदेशात. समुद्र लिहायला समुद्रावर आलेले तेवढे तुम्हीच. माझं मत विचाराल तर त्या सगळ्यांना आपला गाव आधीच अंगात भिनलेला होता. तुम्हाला तो सात दिवसांत भिनवायचा आहे, आणि भिजणं म्हणजे भिनणं नव्हे.

सोमवारी अधिक श्रावणाची पौर्णिमा. चंद्र दिसत नाही, पण समुद्राला तो दिसतो. उधाण पाहायला सगळी आळी छत्र्या घेऊन जाते. लाट फुटण्याआधी क्षणभर मातकट हिरवी होते आणि मग ती फुटत नाही, कोसळते, पायाखालची वाळू थरथरते. फेसाचे गोळे वाऱ्यावर उडून कुंपणांच्या गडग्यांना चिकटतात. ओठ खारट, चष्मा खारट, छत्री उलटी. पोरं वाहून आलेली लाकडं ओढायला धावतात आणि आया त्यांच्या नावानं शंख करतात. बोलायचं असेल तर कानात ओरडावं लागतं. म्हणून कुणी बोलत नाही, सगळे नुसते उभे.

आणि बुधवारी रात्री आठला, आळीच्या टोकाच्या घरी. तिथल्या चाकरमान्या मुलानं मुंबईहून ट्रान्झिस्टर धाडलाय. तो शाल गुंडाळून पाटावर ठेवलेला, भोवती अठरा-वीस माणसं, मध्ये एकच कंदील. रेडिओ सिलोन लागतं ते समुद्रासारखंच, भरती-ओहोटीनं. अमीन सयानींचा आवाज जवळ येतो, लाटेत जातो, पुन्हा वर येतो. कुणी खाकरलं तरी चार जण शूऽऽ करतात. एक पोरगा कोळशानं भिंतीवर गाण्यांच्या पायदानांचे आकडे लिहितोय, मागच्या बुधवारचे शेजारी आहेतच. ‘सूरज’मधलं रफीचं गाणं लागतं आणि कंदिलामागे अंधारात बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल इतकं, बरोबर गुणगुणतं. या गावातल्या कुणीही तो सिनेमा पाहिलेला नाही. बोट बंद, रस्ता बंद, तार पडलेली, पण सिलोन समुद्रावरून थेट ओटीवर येतं.

त्या रात्री तुम्ही कंदिलाची काच राखेनं पुसता, धुराचे पाच कागद घेता आणि बोट खोडून टाकता. नवरा यष्टीनं येतो. खेडला अडकलेला, दोन दिवस उपाशी, छत्री मोडलेली, अंगाला दुसऱ्याच्या पोराच्या ओकारीचा वास. बायको त्याला आधी न्हाणीत पाठवते आणि मगच तोंड बघते. सकाळी भाऊंना वाचून दाखवता. अडकित्ता थांबतो.

“हं. आता आला.”

शनिवारी निघायचं आहे. पानं झालीत अकरा. संपादकांना साठ हवी होती, त्यांचं पोस्टकार्ड काल येऊन गेलं, उत्तर मुंबईतून द्या. काकूंनी पिशवीत फणसपोळी आणि उरलेले अनारसे बांधलेत, कारण जगबुडी उतरली तरी जावयानं यायचं नाव काढलेलं नाही. भाऊ स्टँडवर सोडायला आले आहेत. अकरा पानं मेणकापडात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवा. दापोलीच्या गाडीत डावीकडच्या खिडकीला बसू नका, ती गळते.